शीतगृहातला सराव

बंबच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी खिडकीपलीकडच्या एका गृहस्थांना, नळाला पाणी येत नसलं तरी पाण्याचं बिल का येतं, हे समजावून सांगत होतो. तीच माझी नोकरी आहे. इतकी वर्षं समजावतोय, पण अजून एकालाही समजलेलं नाही. खासगीत सांगायचं तर मलाही नाही.

"काका," ती म्हणाली, "घरी याल का एकदा? बाबा बोलतच नाहीत."

"बोलत नाहीत म्हणजे? रागावलाय का?"

"रागावले असते तर बोलले नसते का?" हेही खरंच. "आई गेल्यापासून दुकान बंद आहे. सकाळी उठतात, आंघोळ करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि खुर्चीत बसतात. संध्याकाळी तो शर्ट काढून ठेवतात. काल एकच वाक्य बोलले. 'ते तिघं काय करत असतील गं?' बस्स."

ते तिघं म्हणजे आम्ही. आता अशा वेळी शहाणा माणूस म्हणतो, 'येतो हं रविवारी.' पण माझी जीभ ही माझ्या आधी जन्मलेली असावी. ती मला न विचारता म्हणाली, "बाबाला सांग, आम्ही चौघं पुन्हा एकदा वाजवणार आहोत!"

ती फोन तसाच धरून बाबाकडे गेली. मग ती म्हणाली, "काका, मी सांगितलं. त्यांनी मान वर केली."

झालं. त्या वर झालेल्या मानेला मी बांधला गेलो.

वाजवणार म्हणजे काय, ते सांगायला हवं. आम्ही चौघं वाढलो ते एका लाँड्रीखालच्या तळघरात. म्हणजे जेवायला-झोपायला आपापल्या घरी जात असू, पण वाढलो तिथे. आमचा पंक बँड होता. ज्यांना पंक ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: ज्यांना वाजवता येत नाही त्यांनी, ज्यांना ऐकायचं नाही त्यांच्यासमोर, शक्य तितक्या मोठ्याने वाजवून शक्य तितक्या लवकर मोकळं व्हायचं, याला पंक म्हणतात. आमचं गाणं सुरू झालं हे लोकांच्या लक्षात येईपर्यंत ते संपलेलं असायचं. त्यामुळे भांडणं फारशी झाली नाहीत.

ड्रम वाजवायचा बंब. रस्त्याने आगीचा बंब घंटा वाजवत यावा तसा तो गाण्यात घुसायचा, म्हणून बंब. गिटारवर करवत. हे नाव त्याला लाँड्रीवाल्याने दिलं; कपडे धुणाऱ्या माणसाइतकं आम्हाला कोणी ऐकलेलं नाही, त्यामुळे त्याच्या मताला वजन होतं. गायची ठिणगी. तिचे केस तेव्हा हिरवे होते आणि आवाज असा की वरती इस्त्री करणारा माणूस इस्त्री कपड्यावर तशीच ठेवून दारापर्यंत जायचा. आणि बेस गिटारवर मी, खांब. बाकीचे तिघं उड्या मारत आणि मी एका जागी उभा राहायचो म्हणून. मी ते तालाच्या एकाग्रतेमुळे करत होतो. हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे.

जगाविरुद्ध बंड करायचं तर निदान घरच्यांनी तरी विरोध करायला हवा. माझ्या घरच्यांनी तिथेच दगा दिला. मी कानात सेफ्टी पिन अडकवून, डोळे बारीक करून स्वयंपाकघरात गेलो, तर आई म्हणाली, "बरं झालं, दे ती इकडे, केव्हाची नाडी ओवायला शोधतेय." मी गुडघ्यावर ब्लेडने फाडलेली पँट घालून आत्याकडे राहायला गेलो. सकाळी उठून बघतो तर तिने दोन्ही गुडघे इतके सुबक रफू केले होते की मला पुन्हा फाडायचं धैर्य झालं नाही. माया फार वाईट. बंडखोराला शत्रू हवा असतो, आणि माझ्या नशिबी ही माणसं.

पुढे व्हायचं तेच झालं. ठिणगी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली. करवत एका शीतगृहाचा व्यवस्थापक झाला. बंबने चष्म्याचं दुकान टाकलं. मी पाणीपुरवठ्यात चिकटलो. आमचं त्या काळातलं सगळ्यांत गाजलेलं, म्हणजे दोनदा वाजवलेलं गाणं पाणीपुरवठा खात्याच्या निषेधार्थ होतं, ही गोष्ट मी नोकरीच्या मुलाखतीत सांगितली नाही. त्यांनी विचारलीही नाही.

तर मी आधी ठिणगीकडे गेलो. तिच्या खोलीबाहेर दोन मुली मान खाली घालून उभ्या होत्या. मीही त्यांच्या शेजारी, का कोण जाणे, मान खाली घालूनच उभा राहिलो. शिपाई म्हणाला, "बाईंनी आत बोलावलंय." आत गेलो. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"शर्ट खोच," ती म्हणाली.

मी खोचला. मग सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि हातातल्या लाल पेनचं टोपण काढत-लावत होती. शेवटी म्हणाली, "माझा आवाज आता फक्त 'रांगेत चला' एवढ्यापुरता उरलाय. पण बंबने मान वर केली म्हणतोस ना?"

"त्याची मुलगी म्हणाली."

"मग शाळेच्या कवायतीचे ड्रम मी आणते. जागा तू बघ."

करवतने तर फोनवर एवढंच विचारलं, "कधी?" "रविवारी," मी म्हणालो, आणि तेच बंबच्या मुलीलाही कळवलं. तो पूर्वीपासून कमी बोलायचा. त्याला गिटारचे फक्त तीन सूर येत आणि बोलणंही त्याने त्याच हिशेबाने ठेवलं होतं.

जागा तू बघ! म्हणायला सोपं आहे. मी म्हटलं, आपल्याच घरात करू. दिवाणखाना आहे, दारं लावून घेऊ. बायकोला सांगितलं. तिने लग्नाआधी मला कधी वाजवताना ऐकलं नव्हतं. नाहीतर लग्नाचा प्रश्नच आला नसता, असं तिच्या माहेरी म्हणतात. ती म्हणाली, "अहो, करा की. पण आधी एकदा एकट्याने वाजवून बघा. इमारत जुनी आहे."

माळ्यावरून बेस काढला, पुसला, जोडला आणि पहिली तार छेडली. वास्तविक मी एकच सूर वाजवला होता. पण खालच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांच्या कपाटातल्या काचा वाजल्या, वरच्या काकूंनी पाण्याचा पंप जळाला म्हणून ओरडायला सुरुवात केली, आणि लिफ्टमध्ये असलेले एक विमा एजंट पुढच्या मजल्यावर उतरून उरलेले जिने पायी चढले. थोड्याच वेळात आमच्या दारात माणसं जमली आणि, आपल्याकडे जमतात तशी, रागावून न जाता सल्ला द्यायला बसली.

प्राध्यापक निवृत्त होते, पण व्याख्यानातून नव्हेत. "कोणतं संगीत म्हणालात?"

"पंक."

"पंक म्हणजे चिखल," ते डोळे मिटून म्हणाले. "त्यात जन्मतं ते पंकज, म्हणजे कमळ. तुमच्या चिखलातून काय जन्माला येणार, हा माझा प्रश्न आहे."

प्रश्न रास्त होता. मी वहीत लिहून घेतल्यासारखी मान हलवली.

"अंड्यांचे पुठ्ठे लावा भिंतींना," विमा एजंट म्हणाले. "आवाज शोषून घेतात."

"एवढ्या भिंतीला पुठ्ठे मिळेपर्यंत अंडी खाऊन आम्हाला पिसं फुटतील," बायको म्हणाली.

"त्यापेक्षा गाद्या," वरच्या काकू म्हणाल्या. "भिंतींना गाद्या उभ्या करा. माझ्या भावाने बाळ झोपत नव्हतं तेव्हा केल्या होत्या. बाळ नाही झोपलं, पण शेजारी झोपले."

हे पटण्यासारखं होतं. घरातल्या सगळ्या गाद्या, उशा, जुन्या रजया काढल्या. बायकोच्या बहिणीकडून दोन गाद्या आणल्या. त्या आणताना जिन्यात सेक्रेटरी भेटले. आमच्या सेक्रेटरींना बोलायला फार आवडत नाही, बघायला आवडतं. त्यांनी गाद्या पाहिल्या, त्या धरणाऱ्या मला पाहिलं, आणि भिंतीकडे सरकून मला वाट दिली. एरवी ते वाट देत नाहीत. मला वाटलं, आदर वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर सूचना होती: 'अमुक मजल्यावर ढेकूण आढळले असून सभासदांनी काळजी घ्यावी.' मजला आमचा होता. त्या मजल्यावर दोनच घरं, आणि दुसऱ्याला कुलूप.

मी तडक सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी दार साखळीएवढंच उघडलं.

"साहेब, आमच्याकडे ढेकूण नाहीत."

"सगळे असंच म्हणतात. लाजू नका."

"अहो, लाजायचं काय? पंक आहे!"

सेक्रेटरींचा चेहरा गंभीर झाला. "ते ढेकणापेक्षा लहान असतं की मोठं?"

त्यानंतर मी जे बोललो त्याने परिस्थिती सुधारली नाही. 'ते कानातून आत जातं', असं मी म्हणायला नको होतं. दुपारी पाठीवर टाकी घेतलेला फवारणीवाला आला. तो सोसायटीच्या खर्चाने आला असल्यामुळे त्याला परत पाठवायचा अधिकार मला नव्हता. बायको आणि मी संध्याकाळपर्यंत जिन्यात बसलो. येणारे-जाणारे अंग चोरून, पण अतिशय सहानुभूतीने चौकशी करत होते. विमा एजंटांनी लांबूनच ढेकणांवरचा एक घरगुती उपाय सांगितला. तो त्यांना इतका नेमका ठाऊक होता की खरे ढेकूण कोणाकडे असावेत याबद्दल माझं मत बनलं.

"तुमचा बँड होता तेव्हाही लोक असेच लांब बसायचे का?" बायकोने विचारलं.

मी चपलेचा अंगठा तपासायला लागलो. पण खोटं कशाला बोला, बसायचे.

घरात सराव होणं आता शक्य नव्हतं. बागेमागे एक सरकारी सभागृह आहे. म्हटलं, ते मिळवू. त्याची परवानगी देणारी खिडकी माझ्याच इमारतीत, अगदी माझ्याच डोक्यावरच्या मजल्यावर. तिथला कारकून माझा मित्रच. आम्ही रोज एका टेबलावर डबा खातो. मला वाटलं, चुटकीसरशी काम.

मी खिडकीशी गेलो. त्याने वर न बघता विचारलं, "नाव?"

"अरे, मी आहे!"

"नाव?"

"आपण रोज एकत्र डबा खातो!"

"डबा वेगळा, खिडकी वेगळी," तो म्हणाला. हे वाक्य इतकं बरोबर होतं की मला त्याचा अभिमान वाटला आणि संतापही आला. मी नाव सांगितलं. तो पुढे म्हणाला, "संगीताचा प्रकार? शास्त्रीय, सुगम की इतर?"

"इतर. पंक."

"शांततेत पार पडेल ना?"

"पंक आहे रे."

"म्हणूनच विचारतो, शांततेत पार पडेल ना?"

"पडेल," मी म्हणालो. प्रामाणिक माणसाला खिडकीच्या अलीकडे आणि पलीकडे वेगवेगळं वागावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग तो ते वाक्य बोलला. जे मी दिवसभर लोकांना ऐकवतो, शब्द तेच, सूर तोच, पुढचा माणूस कोण म्हणून मागे बघणंही तेच: "दोन दिवसांनी येऊन बघा."

मी दोन दिवसांनी येऊन बघितलं. परवानगी आली होती. 'पंखांचे प्रदर्शन भरविण्यास खालील अटींवर मान्यता देण्यात येत आहे. पिंजरे झाकलेले असावेत. कर्कश आवाज करणारे पक्षी आणू नयेत.'

"हे काय आहे?" मी विचारलं.

त्याने वाचलं. "पंक असा शब्दच नाही ना, म्हणून संगणकाने सुधारला."

"मग तू परत बिघडव!"

"आता मला हात लावता येत नाही. आता ही परवानगी पक्ष्यांची झाली. दुरुस्तीसाठी त्या विभागाचं ना-हरकत पत्र लागेल. आणि त्यांची हरकत असणार."

"का?"

"कारण पक्षी नाहीत."

मी जागच्या जागी, खरोखरच खांबासारखा उभा राहिलो. मागच्या माणसाने "सरका हो" म्हटलं तेव्हा भानावर आलो. त्या दिवशी डबा खाताना आम्ही एकमेकांशी नेहमीसारखेच बोललो. त्याने मला आपल्यातली भाजी दिली. डबा वेगळा, खिडकी वेगळी.

संध्याकाळी बंबच्या मुलीचा पुन्हा फोन. "काका, बाबा विचारत होते, रविवार म्हणजे हाच का?"

"विचारत होते? तोंडाने?"

"तोंडाने."

"हाच," मी म्हणालो, आणि फोन ठेवून डोकं धरून बसलो. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि करवतला लावून दिला. त्याला मी ढेकणांपासून पक्ष्यांपर्यंत सगळं ऐकवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझ्याकडे या."

"तुझ्याकडे म्हणजे, तुझ्या घरी?"

"शीतगृहात. भिंती जाड आहेत. आत माणूस अडकून ओरडला तरी बाहेर ऐकू येत नाही."

"तुला कसं माहीत?"

"स्वेटर आणा," करवत म्हणाला आणि फोन ठेवला.

रविवारी दुपारी ठिणगी आणि मी बंबला आणायला गेलो. त्याच्या मुलीने दार उघडलं. तो खुर्चीत बसला होता. इस्त्रीचा शर्ट होता, पण गळ्याशी सैल झालेला. हा माणूस पूर्वी दारातून आडवा शिरायचा. आम्ही शेजारी बसलो. भिंतीवर चष्म्याच्या कंपनीचं कॅलेंडर होतं, त्याचं पान बरेच महिने उलटलेलं नव्हतं.

"चल," ठिणगी म्हणाली.

त्याने नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाला, "ती प्रत्येक कार्यक्रमाला यायची. कानात कापूस घालून, पहिल्या रांगेत. तिला आपलं काहीच आवडायचं नाही."

"ठाऊक आहे," ठिणगी म्हणाली. "मला तोंडावर सांगायची, तुझा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आहे."

"पण यायची."

"यायची."

बंब स्वतःच्या हातांकडे बघत होता. "आता वाजवून दाखवू कोणाला?"

दिवसभर खिडकीत बसून मी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतो. उत्तर नसलं तरी देतो. पण इथे खिडकी नव्हती. मी कॅलेंडरकडे बघत राहिलो.

ठिणगीने त्याच्या मनगटावर हात ठेवला. ती मुख्याध्यापिकेच्या आवाजात बोलली नाही. अगदी हळू म्हणाली, "दाखवू नकोस. वाजवूही नकोस. नुसता येऊन बस आणि आम्हाला एक-दोन-तीन-चार म्हण. तू मोजल्याशिवाय आम्ही कधी गाणं सुरू केलंय का? ह्या खांबाला चारपर्यंत धड येत नाही."

मला लागलं. बंबने माझ्याकडे पाहिलं. ते खरं आहे का, हे तो आठवत असावा. मग तो उठला आणि मोजे शोधायला लागला. मुलीने पटकन त्याची कानटोपी आणली, आणि टोपी त्याच्या हातात देऊन, आमच्याकडे पाठ करून, उगाचच खिडकीचा पडदा नीट करत राहिली.

शीतगृहात आम्हाला करवतने बटाट्यांच्या खोलीत नेलं. छतापर्यंत पोत्यांची थप्पी, मधे थोडी मोकळी जागा, आणि थंडी अशी की बोललं की शब्दाआधी वाफ बाहेर यायची. पूर्वी मंचावर धूर सोडायचं यंत्र आमच्या ऐपतीत नव्हतं, इथे फुकट. ठिणगीने शाल घेतली होती. करवतने हातमोज्यांची बोटं कापली होती. मी दोन स्वेटर आणि वर बायकोने सक्तीने दिलेला मफलर घातला होता. जगाला हादरवायला निघालेला बँड थंडीने दात वाजवत उभा होता, आणि सध्या तेवढंच तालात वाजत होतं. बंब शाळेच्या ड्रममागे एका पोत्यावर बसला. ड्रमवर 'शिस्त हाच दागिना' असं लिहिलं होतं. त्याने काठ्या हातात घेतल्या नाहीत.

"मोज," ठिणगी म्हणाली.

"एक, दोन, तीन, चार," तो पुटपुटला.

आम्ही सुरू केलं. काय वाजवलं ते विचारू नका. थंडीने गिटारच्या तारा आखडून सूर भलतीकडे चढले होते, माझी बोटं कोणाची तरी उसनी आणल्यासारखी वागत होती, आणि करवत दुसऱ्या कडव्यात असताना मी पहिल्यातच होतो. ठिणगी मात्र तीच होती. डोळे मिटून, मूठ वळून ती ओरडली, "नळ कोरडा! साहेब कोरडा! उत्तर द्या!"

ते 'उत्तर द्या' तिने इतक्या वर्षांच्या सवयीने वर्गात म्हणतात तसं म्हटलं की करवत ताठ उभा राहिला. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "वरच्या टाकीत दाब कमी आहे, दोन दिवसांनी येऊन बघा."

"अरे, काय करतोयस!"

हे बंब म्हणाला. मोठ्याने. पोत्यावरून अर्धवट उठून.

"ताल कुठे चाललाय तुझा? तिथे थांबायचं असतं! आधीपासून तिथेच चुकतोस तू! आणि करवत, तू त्याच्यासाठी थांबू नकोस, तो येईल मागून. पुन्हा घ्या!"

"मोज मग," ठिणगी म्हणाली. तिचा आवाज जरासा फाटला.

त्याने मोजलं नाही. त्याने काठ्या उचलल्या, एकमेकींवर चार वेळा आपटल्या, आणि मग आगीचा बंब घंटा वाजवत गल्लीत शिरला. पोत्यांवरची धूळ उडाली. 'शिस्त हाच दागिना' हादरत होता. मी मान खाली घालून फक्त त्याच्या मागे धावत होतो. किती बरं वाटतं, कोणीतरी पुढे धावत असलं की. एकदा वर बघितलं तर त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो तसाच वाजवत होता. मी पुन्हा मान खाली घातली. अशा वेळी मित्राने बेस वाजवावा, दुसरं काही करू नये.

तिसऱ्या गाण्यात करवतने एक नवीनच सूर लावला. लांब, चिरकणारा, एकसारखा. आम्ही खूश झालो. इतक्या वर्षांत त्याला चौथा सूर सापडला! बंबने त्यावर ठेका बदलला, ठिणगीने त्या सुरात सूर मिळवला. गाणं संपलं तरी सूर चालूच.

"बस कर आता," मी म्हणालो.

"मी वाजवत नाहीये," करवत म्हणाला, आणि त्याचा चेहरा बटाट्यासारखा झाला. "तो भोंगा आहे. खोली तापली."

चार प्रौढ माणसांनी उड्या मारल्या की किती उष्णता निघते, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. त्याने धावत जाऊन भोंगा बंद केला, पण तोवर दार उघडून मालकीणबाई आत आल्या होत्या. बाईंचं घर शेजारीच आहे. सत्तरीच्या, अंगावर कोट, हातात विजेरी. त्यांनी विजेरी आधी बटाट्यांवर फिरवली, मग आमच्यावर.

"हे काय चाललंय?"

करवतने गिटार पाठीमागे लपवली. त्याची निवृत्ती जवळ आली होती, आणि इतक्या वर्षांत त्याने तिथे कधी शीळसुद्धा वाजवली नव्हती. मी पुढे झालो. "बाई, चूक माझी. सभागृहाची परवानगी पक्ष्यांना गेली, आणि घरात ढेकूण नव्हते तरी..."

"सराव चाललाय," बंब मधेच म्हणाला. कानटोपी काढून त्याने घाम पुसला. "आमचा बँड आहे."

बाईंनी तापमापकाजवळ जाऊन आकडा पाहिला, एक बटाटा काढून हातात फिरवला, परत ठेवला. "बटाट्याला एवढ्यात काही होत नाही. पण काय हो," त्या करवतला म्हणाल्या, "मागची खोली रिकामी आहे, यंत्रं बंद आहेत, भिंती याच. मला विचारलं असतं तर तिथे बसवलं असतं. कुडकुडत कशाला वाजवलंत?"

इमारत, सोसायटी, संगणक, पक्षी विभाग, सगळ्यांची आम्ही परवानगी मागत फिरलो होतो. एका बाईंना तेवढं विचारायचं राहिलं होतं. आम्ही स्वेटर काढले, ड्रम उचलले आणि मागच्या खोलीत जाऊन संध्याकाळपर्यंत वाजवलं. बाई थोडा वेळ ऐकत बसल्या. जाताना म्हणाल्या, "गाणं कोणतं होतं ते कळलं नाही, पण दमलात मात्र छान."

परत येताना बंब गाडीत एकसारखा बोलत होता. मी कुठे कुठे चुकलो हे त्याने क्रमाने सांगितलं. करवतने तारा बदलाव्यात, ठिणगीने तिसऱ्या ओळीनंतर श्वास घ्यावा. घर आलं तेव्हा म्हणाला, "वर चला. चहा करतो."

स्वयंपाकघरात त्याने पातेलं काढलं, पाणी ठेवलं, पावडर टाकली, आणि मग थबकला.

"साखर कुठे ठेवायची ती?"

मग आम्ही चौघं शोधायला लागलो. एकेक डबा उघडायचा, वास घ्यायचा, बंद करायचा. मीठ निघालं. रवा निघाला. करवतने बोट बुडवून चाखलं, तर खायचा सोडा निघाला. "ही तिची पद्धतच होती," बंब सांगत होता, "जे रोज लागतं ते मागे आणि जे लागत नाही ते पुढे. मी म्हणायचो, अगं, उलट ठेव. तर म्हणायची, मी दुकानात येऊन तुझे चष्मे लावते का?" तो हसला. मग फडताळाचं दार धरून थोडा वेळ उभा राहिला. मग पुढचा डबा उघडला. ठिणगी स्टुलावर चढून वरचा खण बघत होती आणि तिथूनच, डाव्या हाताचा डबा अजून बघितला नाही म्हणून मला रागावत होती. आम्ही चौघं एकाच वेळी बोलत होतो आणि पातेल्यातला चहा उकळून काळा होत चालला होता.

त्याची मुलगी केव्हापासून दारात उभी होती. मी तिच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "अगं, तुला तरी माहीत असेल ना, साखर कुठे आहे?"

"माहीत आहे, काका," ती डोळे पुसत कुजबुजली. "पण सांगू नका. किती बोलतायत बघा ना ते!"